कधीच न भरणारी टाकी

‘पंधरा वर्सां झाली, आमची टाकी एकदाय भरूक नाय.’ सिंधुदुर्गात संडासच्या टाकीचा विषय निघाला की हे वाक्य कोणी ना कोणी हमखास म्हणतं, आणि म्हणताना छाती थोडी पुढे येते. चांगला गवंडी मिळाला, चांगला चिरा लागला, बांधकामात चोरी झाली नाही, एवढं सगळं त्यात आलेलं असतं. तळकोकणातल्या एका तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरवर उपशाची टाकी बसवून धंदा करणारा एक गृहस्थ मात्र हे ऐकलं की काळजीत पडतो. यजमानाला तो लगेच काही बोलत नाही. आधी अंगणात नजर फिरवतो आणि विचारतो, ‘विहीर खंय आसा?’

हा माणूस आता पन्नाशीत आहे. पूर्वी तो चिऱ्याच्या खाणीवर ट्रॅक्टर चालवायचा. खाणीचं काम पावसात बंद पडतं, हप्ते मात्र बारमाही. तेव्हा कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याने ट्रॉलीवर पत्र्याची गोल टाकी, ट्रॅक्टरच्या इंजिनावर चालणारा व्हॅक्यूम पंप आणि हाताच्या पंजाएवढ्या जाडीचा पाइप बसवून घेतला. घरात यावरून बरंच बोलणं झालं. मैला उपसण्याचं काम आपल्याकडे ठरावीक जातींच्या माथी मारलेलं; त्यात स्वतःहून शिरणारा माणूस नातेवाइकांना खुळा वाटला. पैसे येऊ लागल्यावर ते बोलणं कमी झालं, थांबलं मात्र नाही. लग्नाकार्यात आजही त्याची ओळख करून देताना ‘ट्रॅक्टरचा व्यवसाय आहे’ इतकंच सांगतात.

न भरणाऱ्या टाकीची त्याला भीती का वाटते, हे समजायला टाकीचं काम कसं चालतं ते आधी पाहावं लागतं. सेप्टिक टँक ही मैला साठवायची पेटी नव्हे. नीट बांधलेली टाकी वापर सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत बाहेर जाणाऱ्या पाइपच्या पातळीपर्यंत भरते आणि मग जन्मभर तेवढीच भरलेली राहते. वरून जितकं पाणी आलं, तितकंच पलीकडून शोषखड्ड्यात जातं. मधल्या दिवसा-दोन दिवसांच्या मुक्कामात जड ते तळाला बसतं, तेलकट आणि हलकं ते वर तरंगून जाड थर धरतं, आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू तळाचा गाळ हळूहळू कुजवून कमी करतात. मधल्या पट्ट्यातलं त्यातल्या त्यात निवळ पाणी बाहेर पडतं. ते स्वच्छ नसतंच. त्यातली घाण फार तर निम्म्याने उतरलेली असते आणि रोगजंतू भरपूर असतात. उरलेलं काम शोषखड्ड्याभोवतीच्या मातीने करायचं असतं.

म्हणून झाकण उघडल्यावर हा माणूस पहिल्यांदा पाण्याची पातळी बघतो. पाणी बाहेरच्या पाइपच्या वर चढलेलं असेल तर पाइप तुंबलाय किंवा शोषखड्डा पाणी घेत नाही. पाणी पाइपच्या बरंच खाली असेल आणि घरात माणसं राहती असतील, तर टाकी गळते आहे. पंधरा वर्षं न भरलेल्या टाक्या बहुतेक या दुसऱ्या जातीच्या निघतात. काही गळक्या असतात आणि काही मुद्दाम गळक्या ठेवलेल्या असतात. तळाला काँक्रीट करायचंच नाही, चिऱ्यांचे सांधे आतून मोकळे सोडायचे, म्हणजे उपशाचा खर्च वाचला! गवंडी हे यजमानाच्या सांगण्यावरून करतो, किंवा यजमानावर उपकार म्हणून न सांगता करतो. चिरा म्हणजे जांभा, सच्छिद्र दगड. पावसाचं पाणी जसं त्यातून झिरपत विहिरीला येतं, तसंच टाकीतलंही येतं. वाडीत दोन-तीन घरांत पाठोपाठ कावीळ निघाली की गटारांवर, हॉटेलातल्या वड्यांवर चर्चा होते. टाकीचं नाव कोणी घेत नाही, कारण ती तर कधी भरलीच नाही.

भारतीय मानक ब्यूरोची या टाकीसाठी संहिता आहे, आयएस २४७०. पाच माणसांच्या घराला तिच्या हिशेबाने १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि पाण्याची खोली १ मीटर, म्हणजे साधारण १,१२५ लिटरची टाकी पुरते. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर दूर हवा. आपल्याकडे दोघा म्हाताऱ्यांच्या घरामागेही दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि पुरुषभर खोल खड्डा सापडतो. ‘एकदाच काय तो मोठा बांधू’ हा त्यामागचा विचार. टाकी मोठी असायला हरकत नाही. पण तेवढ्या पैशात मध्यम टाकी, मधली आडवी भिंत, आत-बाहेर जाणाऱ्या पाइपांना इंग्रजी ‘टी’च्या आकाराचे तुकडे आणि तळाला चांगलं प्लास्टर हे सगळं झालं असतं. ‘टी’चा तुकडा काही फार महाग नसतो. तो नसला की वर तरंगणारा थर सरळ शोषखड्ड्यात जातो, आणि मग नवा शोषखड्डा खणायला मजूर शोधावे लागतात.

ही टाकी आपल्याकडे नवी म्हणावी तर तसंही नाही. इंग्लंडमध्ये एक्सेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन याने १८९५ च्या सुमारास तिला हे नाव दिलं. पुढच्या थोड्याच वर्षांत मुंबईत माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमात अशा टाक्या चालू होत्या आणि त्यांतून निघणारा वायू गोळा करून वापरला जात होता. तो आश्रम पुढे वडाळ्याचं ॲकवर्थ रुग्णालय म्हणून ओळखला गेला. म्हणजे या टाकीत काय चालतं हे मुंबईला सव्वाशे वर्षांपूर्वी नेमकं माहीत होतं. त्यानंतर सिमेंट सगळीकडे पोचलं, ही माहिती मात्र वाटेत कुठे तरी राहून गेली.

उपशाच्या धंद्याचा मोसम भाद्रपदात येतो. एरवी आई-वडील दोघंच असलेल्या घरात गणपतीला मुंबई-पुण्याचे चाकरमानी उतरतात आणि माणसं वीसवर जातात. हिशेब अगदी साधा आहे. वीस जणांनी दिवसातून पाच वेळा आठ लिटरचा फ्लश ओढला तर ८०० लिटर. अंघोळीचं पाणीही त्याच टाकीत सोडलेलं असेल तर माणशी तीस लिटरने आणखी ६००. पाच माणसांची टाकी रोज पूर्ण धुऊन निघेल इतकं हे पाणी झालं. गाळाला खाली बसायला सवडच राहत नाही. ढवळलेलं सगळं शोषखड्ड्यात जातं. त्यात तीन महिन्यांच्या पावसाने जमीन आधीच पाणी पिऊन तट्ट झालेली. शोषखड्डा हात टेकतो, पाणी मागे फिरतं आणि आरतीच्या वेळी न्हाणीघरातल्या जाळीतून वर येतं. मग फोन. ‘आत्ताच्या आत्ता ये, घरात पाहुणे आसत!’

या दिवसांत तो जाऊन टाकी उपसतो, पैसे घेतो, पण निघताना सांगून येतो की याने दोन-चार दिवसच निभावेल. शोषखड्डा पाणी घेत नसेल तर टाकी रिकामी करणं म्हणजे तेवढ्या लिटरची उसनवारी. खरं काम वैशाखात करायला हवं होतं, जमीन कोरडी असताना. मे महिन्यात फोन करणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि त्याची सगळ्यात आवडती गिऱ्हाइकंही तीच.

जुन्या घरांची एक रीत त्याला फार शहाणपणाची वाटते. न्हाणीचं पाणी माडाला, मोरीचं केळीला. टाकीकडे फक्त संडास. नव्या बंगल्यांत प्लंबर सगळ्या लाइनी एकत्र करून टाकीत सोडतो, कारण त्यात पाइप कमी लागतो आणि अंगण छान दिसतं. वॉशिंग मशीनचं फेसाळ पाणी, भांड्यांचं तेल, सगळं तिकडेच. वर माडाला पाणी घालायला वेगळा पंप बसवतात. यावर तो काही बोलत नाही, फक्त हसतो. पण त्याच्या धंद्याला बरकत कशामुळे आली असं विचारलं तर या एका पाइपाचं नाव घेतो.

उपशाच्या कामात सगळ्यात जास्त वेळ जातो तो झाकण शोधण्यात. ‘काकी, टाकयेचा झाकान खंय आसा?’ ‘हयंच खंय तरी असतला. वरसून फरशी घातली.’ बांधताना झाकण होतं, मग अंगणात शहाबादी आली, मग पेव्हर ब्लॉक आले, कुठे तुळशीवृंदावन सरकलं, कुठे वर गाडीची शेड उभी राहिली. घरातला जो माणूस बांधकामाला उभा होता तो वारलेला असतो किंवा मुंबईत फोन उचलत नसतो. मग हवेच्या पाइपाचा अंदाज घेऊन, फरशीवर पहार आपटून, पोकळ आवाज ऐकत फिरायचं. मोठ्या हौसेने घातलेली फरशी फुटली की यजमानाचा चेहरा पडतो. घर बांधतानाच टाकीच्या दोन्ही टोकांना, जमिनीच्या वर दिसतील अशी, हाताने उचलता येतील अशी झाकणं ठेवली तर उपशाचं निम्मं भांडण मिटतं, असं त्याचं म्हणणं. अंगणाची शोभा जाते, हे त्याला मान्य आहे.

झाकण निघालं की तो लगेच वाकत नाही. सगळ्यांना लांब करतो, बिडी-काडी विझवायला लावतो आणि टाकी बराच वेळ उघडी ठेवतो. आत मिथेन असतो, तो पेटतो. हायड्रोजन सल्फाइड असतो, तो हवेपेक्षा जड, तळाशी धरून बसतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यांचा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभराच्या आसपास गेला की नाकाला वास कळेनासा होतो. वास गेला म्हणजे गॅस गेला, असं वाटतं आणि माणूस शिडी लावतो. त्याहून जास्त प्रमाणात काही श्वासांतच शुद्ध हरपते. पहिला खाली कोसळला की दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. टाकीतल्या मृत्यूंच्या बातम्यांत एकाच घरातली दोन-तीन नावं येतात ती अशी.

त्याच्या गाडीवर एकच नियम कडक आहे: आत माणूस उतरणार नाही. पाइप अडला तरी नाही, यजमानाचा मोबाइल पडला तरी नाही. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाखांची भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. हे आकडे त्याला तोंडपाठ आहेत, कारण ‘जरा उतर रे, वरून शंभर जास्त देतो’ म्हणणाऱ्यांना शास्त्र सांगून उपयोग होत नाही, दंड सांगितला की होतो.

पाइप आत गेला, पंप सुरू झाला की वरचं पाणी सरसर येतं. तेवढ्यावर थांबणारे गाडीवाले पुष्कळ आहेत. गिऱ्हाईक वरून बघतं, टाकी रिकामी दिसते, पैसे देतं. खरा माल तळाशी, वर्षानुवर्षं न उपसल्याने घट्ट झालेला. त्याला पाण्याचा फवारा मारून, बांबूने ढवळून पातळ करावं लागतं. ट्रॉलीच्या एका खेपेत हे होत नाही, आणि दुसऱ्या खेपेचे पैसे कोण देणार यावरून बोलाचाली होते. मधेच पाइप तुंबतो. काढून बघावं तर सॅनिटरी पॅड, मुलांचे डायपर, वेट वाइप्स, शाम्पूच्या पुड्या, गुटख्याची पाकिटं, एकदा तर पायपुसणं. घरातलं कुणीच ते टाकलेलं नसतं. पाहुण्यांनी टाकलं, असं ठरतं.

पूर्ण उपसल्यावर टाकी घासूनपुसून लख्ख करून द्या, अशी मागणी नेहमी होते. काही जण ॲसिडची बाटली, फिनेल घेऊन तयारच असतात. तो हे करू देत नाही. तळाशी दोन-अडीच सेंटिमीटर गाळ मुद्दाम सोडतो. त्या जिवाणूंवरच पुढचं काम चालायचं असतं. बायकांना समजवताना तो विरजण म्हणतो आणि त्या चटकन ऐकतात. पुरुषांना मात्र आपण पैसे देऊन घाण मागे ठेवून घेतली असं वाटत राहतं. मग तो टाकीत पाणी सोडायला लावतो. भर पावसात, जमिनीतलं पाणी वर आलेलं असताना, प्लॅस्टिकची तयार टाकी रिकामी ठेवली तर ती खालून उचलली जाते. हे सांगूनही विश्वास बसत नाही.

बाजारात मिळणाऱ्या जिवाणूंच्या पुड्यांवर त्याचा काडीइतका भरवसा नाही. माणसाच्या पोटातून रोज लागतील तेवढे जिवाणू टाकीत येतातच. त्यांना बाहेरची भरती लागत नाही, लागतं ते त्यांना न मारणं. रोज संडासात ॲसिड ओतायचं आणि महिन्याला पुडी टाकायची, हा उद्योग त्याला समजत नाही. कुणी गूळ टाकतं, कुणी शेण. शेणाने तर आधीच भरत आलेल्या टाकीत आणखी गाळ वाढतो.

टाकी केव्हा उपसायची, याला त्याच्याकडे एक काठी आहे. लांब बांबू, टोकाकडून हात-दीड हात जुन्या पांढऱ्या धोतराचं फडकं गुंडाळलेलं. बाहेर जाणाऱ्या पाइपच्या बाजूने सावकाश तळापर्यंत सोडायची, थोडा वेळ थांबायचं, सरळ वर काढायची. फडक्यावर जिथपर्यंत काळं चिकटलं तिथपर्यंत गाळ. गाळ आणि वरचा थर मिळून पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्शाला आले की उपशाची वेळ झाली. लहान घरगुती टाकी दोन वर्षांतून एकदा तरी साफ व्हावी, असं मानक संहिता सांगते. व्यवहारात दोन ते तीन वर्षं धरतात. काठी मात्र घरागणिक वेगळं उत्तर देते. चार माणसांच्या एका घरात चौथ्या वर्षीही उपसा लागला नव्हता, आणि पलीकडच्या होमस्टेला दर वर्षी लागतो.

उपसलेलं न्यायचं कुठे, हा या धंद्याचा अवघड भाग, आणि यजमानाने कधीही न विचारलेला. ज्या गावांना प्रकल्प नाही तिथे रात्री गाड्या ओढ्याच्या काठाला, पडीक जमिनीत, रानात मोकळ्या होतात. सगळे हे जाणतात. सातारा जिल्ह्यात वाई आणि नाशिक जिल्ह्यात सिन्नर या दोन गावांनी २०१८ पासूनच्या काळात वेगळी वाट काढली: घरमालकाच्या फोनची वाट न बघता नगरपरिषदेने ठेकेदारामार्फत प्रत्येक घरी तीन वर्षांतून एकदा गाडी पाठवायची आणि गाळ थेट प्रक्रिया केंद्रात न्यायचा. खर्च करातून, दारावर पैशांची घासाघीस नाही. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी त्यांना या कामात साथ दिली. टाकी तुंबलेली नसताना गाडी दारात उभी राहिली तर लोक कसे वागतात, याचा धडाही त्या गावांना मिळाला: पहिल्या फेरीला ‘आमची भरलेली नाही’ हे उत्तर तिथेही होतंच.

वाडीत मोकळ्या जागेवर असलेल्या घरांना मुळात या गाडीची गरज किती, हा प्रश्न हाच गाडीवाला स्वतः उभा करतो. कणकवलीत १९४८ मध्ये अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी आश्रम सुरू केला आणि मैल्याचं खत करणाऱ्या, गोपुरीच्या नावाने ओळखल्या गेलेल्या साध्या संडासाचा प्रसार केला. रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्या म्हणून १९३२ मध्ये उपोषण करणारे ते हेच. त्यांच्याच वाटेने गेलेले देहूचे डॉ. मापुस्कर मैल्यापासून बायोगॅस करत राहिले आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. गाडीवाल्याचं म्हणणं, जागा असेल आणि विहीर पुरेशी लांब असेल, तर टाकीऐवजी दोन शोषखड्डे आळीपाळीने वापरायचे. एक भरला की बंद करून दुसरा सुरू. वर्ष-दीड वर्षात बंद खड्ड्यातलं सगळं कोरडं, मातीच्या वासाचं खत होतं, फावड्याने काढता येतं. स्वच्छ भारत अभियानानेही गावांसाठी याच दोन खड्ड्यांवर भर दिला. लोकांनी मात्र टाकी बांधली, कारण शेजाऱ्याकडे टाकी आहे. खड्डे म्हणजे गरिबाघरचं, टाकी म्हणजे पक्कं.

नवं घर बांधणारा कोणी आधीच सल्ला विचारायला आला तर तो आपल्या धंद्याच्या विरुद्ध बोलतो. जागा असेल तर दोन खड्डे कर म्हणतो. टाकीच हवी असेल तर तळाला प्लास्टर, दोन झाकणं, न्हाणीची लाइन वेगळी, आणि पहिल्या दिवशी टाकीत काठोकाठ पाणी भरून दुसऱ्या दिवशी पातळी बघायची. उतरली तर गवंड्याचे शेवटचे पैसे थांबवायचे. गवंड्यांना हा माणूस त्यामुळे आवडत नाही.

उपसा झाला की तो टाकीजवळच्या भिंतीवर लाल रंगाने महिना, वर्ष आणि काठीचं माप लिहून येतो. पुढच्या खेपेला कोणीही गाडीवाला आला तरी त्याला कळावं, हा हेतू. चतुर्थीच्या आधी घराला रंग देताना बहुतेक जण ते पुसून टाकतात. म्हणून आता तो तोच मजकूर वहीतही उतरवतो आणि पुढच्या मे महिन्यात स्वतःच फोन लावतो. ‘टाकी भरूक नाय हां अजून,’ असं पलीकडून ऐकू येतं. काठी घेऊन नुसतं बघून जातो, पैसे नको, असं तो सांगतो. थोडे जण हो म्हणतात.